डोरीनच्या मेंढ्यांचा ठाव

कोकरांचा व्यापारी मॉफट दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा. यायच्या आधी फोन करायचा नाही आणि आल्यावर चहाला नाही म्हणायचा नाही. डोरीन रेल्फच्या वाघरात, म्हणजे मेंढ्यांच्या कोंडवाड्यात, उतरून तो एकेका कोकराच्या पाठीवर हात ठेवायचा, कण्याच्या कडेचं मांस दोन बोटांनी चाचपायचा आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. डोंगरातली ही लहान चणीची कोकरं इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाला नको असतात, त्याला मोठी मांडी लागते. ती जायची स्पेनला आणि इटलीला. तिथल्या माणसांना याच लहान कोकरांचं मांस गोड लागतं. डोरीन स्वतः कधी समुद्र ओलांडून गेली नव्हती, पण तिची कोकरं छत्तीस वर्षं जात होती.

२०१८ सालच्या त्या सप्टेंबरात मॉफटने नेहमीसारखी कोकरं घेतली, नेहमीसारखा हातावर हात मारला आणि चहाचा कप घेऊन भिंतीला टेकला. तेव्हा डोरीनने त्याला आजवर कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं देवाला विचार."

"देव मेंढ्या विकत घेत नाही. तू घेतोस."

मॉफट हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला. "डोरीन, खरं सांगू का? मार्चच्या एकोणतीस तारखेला आपण युरोपातून बाहेर. बोलणी जमली तर सगळं आजच्यासारखं. फिसकटली तर तिकडच्या बंदरावर जकात बसणार, आणि ती जवळजवळ कोकराच्या अर्ध्या किमतीएवढी. मग स्पेनवाला माझ्याकडून कशाला घेईल? त्याला काय माझ्या तोंडाचं प्रेम आहे?"

"मग बोलणी जमणार का फिसकटणार?"

"ते मला ठाऊक असतं तर मी इथे चिखलात उभा राहून कोकरं चाचपत बसलो असतो का, बाई?"

कप पायरीवर ठेवून तो निघून गेला. पुढच्या वर्षीच्या कोकरांना भाव मिळणार का, मुळात गिऱ्हाईक मिळणार का, ते तो सांगू शकला नाही. त्यानंतर डोरीनने ज्याला ज्याला विचारलं त्यालाही सांगता आलं नाही. आणि ज्यांच्या हातात सगळं होतं, ते लंडनच्या आणि ब्रसेल्सच्या टेबलांवर एकमेकांकडे बघत बसले होते.

डोरीन त्या वेळी एकसष्ट वर्षांची होती. अंगाने किडकिडीत, जिभेने तिखट. तिचं घर इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियाच्या डोंगरात, खोऱ्याच्या अगदी टोकाला. पुढे रस्ता नाही, नुसता स्केलगार्थचा डोंगर. बाप गेला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. गावातले लोक म्हणाले, पोरगी वर्षभरात विकून मोकळी होईल. तिने विकलं तर नाहीच, उलट सुक्या दगडांच्या भिंती रचायला आलेला एक माणूसही ठेवून घेतला. तो कॉलिन. "भिंत पडली होती म्हणून बोलावलं, भिंत उभी राहिली तरी हा गेला नाही," असं ती लग्नाची गोष्ट सांगताना म्हणायची. आता कॉलिनचे दोन्ही गुडघे गेले होते. दिवसभर तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचा. समोर डोंगर आणि कानाशी रेडिओ.

स्केलगार्थवर चार घरांचे चार कळप चरतात. मध्ये भिंत नाही, तार नाही, राखणदार नाही. तरी डोरीनच्या तांबड्या पट्ट्याच्या मेंढ्या डोंगराच्या सकाळच्या उन्हाच्या बाजूला राहतात आणि शेजारच्या आयझॅक टायसनच्या निळ्या ठिपक्याच्या मेंढ्या पलीकडच्या बाजूला. शहरातून फिरायला आलेल्या माणसाला वाटतं, मेंढ्या काय, कुठेही जातात. कुठेही जात नाहीत. आपली जागा कोणती, हे मेंढीला तिच्या आईने दाखवलेलं असतं. पश्चिमेचा वारा सुटला की कोणत्या खडकाआड बसायचं, कुठला झरा जानेवारीतही गोठत नाही, बर्फ कोणत्या खळग्यात साचतं आणि तिथे का थांबायचं नाही, हे कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईच्या मागे मागे फिरून शिकतं. मग ते आपल्या कोकराला दाखवतं. असं किती शतकं चाललंय कुणी सांगावं. तिथली माणसं त्याला 'हीफ' म्हणतात. आपण ठाव म्हणू. ठाव बाजारात मिळत नाही. मेंढी विकत मिळते, पण डोंगर ठाऊक असलेली मेंढी त्या डोंगरावरच तयार होते.

हे कुणाला कळत नसेल तर तिथे २००१ सालाचं नाव काढावं. लाळ्या-खुरकताच्या साथीत शेजारच्या खोऱ्यातले सगळे कळप सरकारने मारून जाळले. निरोगीसुद्धा. महिनाभर धूर होता. डोरीनचा कळप वाचला, कारण साथ खिंडीपलीकडेच थांबली. दुसऱ्या वर्षी त्या खोऱ्यातल्या लोकांनी नव्या मेंढ्या आणल्या आणि मग पाच वर्षं बायकापोरांसकट पाळ्या लावून डोंगरावर उभे राहिले. मेंढी निघाली की वळवायची, निघाली की वळवायची. निम्म्यांनी नाद सोडला. डोरीनने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तिने पुढे जे केलं ते अडाणीपणाने केलं असं कुणी म्हणू नये.

मॉफट गेला त्या संध्याकाळी तिने कॉलिनला सांगितलं, "पुढच्या वर्षीचा भरवसा नाही म्हणतो."

कॉलिनने रेडिओचा आवाज कमी केला. "मत देताना भरवसा होता का?"

"सुरू झालास?"

"मी कुठे काय म्हणतोय? कानातल्या बिल्ल्यांचा राग होता तुझा. तो काढलास. बिल्ले तिथेच आहेत, आता मेंढ्या जायची वेळ आली, एवढंच म्हणतोय."

डोरीनने २०१६च्या सार्वमतात युरोपातून बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं होतं. ती ते लपवायची नाही. झालं होतं असं की एक तपासनीस साहेब येऊन अकरा मेंढ्यांच्या कानांत युरोपच्या नियमाप्रमाणे नंबराचा बिल्ला नाही म्हणून कागद लिहून गेला होता. नेचाच्या झुडपात अडकून बिल्ला तुटतो, त्याला मेंढी काय करणार आणि डोरीन काय करणार? "ज्याने आयुष्यात मेंढीचा पाय धरला नाही, त्याने मला मेंढी शिकवायची?" असं म्हणून ती मतपेटीकडे गेली होती. कॉलिनने आत राहायच्या बाजूने दिलं. दोघं एकाच गाडीतून गेली, एकाच गाडीतून परत आली आणि वाटेत बटाटे घेतले. त्यानंतर सव्वादोन वर्षं हा विषय त्या घरात मांजरासारखा वावरत होता. कुणी त्याला हाकललं नाही आणि मांडीवरही घेतलं नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावच्या सभागृहात एक बैठक झाली. कुठल्याशा सल्लागार मंडळाने एक तरुण माणूस पाठवला होता. चेहरा गोड, बूट कोरे करकरीत. पडद्यावर त्याने एकामागून एक पाट्या दाखवल्या. बाणच बाण. शेवटच्या पाटीवर लिहिलं होतं, 'सर्व शक्यतांसाठी सज्ज राहा'. खोऱ्यातले चाळीसेक लोक हाताच्या घड्या घालून बसले होते.

"काही प्रश्न?"

डोरीन उभी राहिली. "मेंढी पाच महिने गाभण राहते."

"हो, अर्थात."

"अर्थात काय, तुला आत्ता कळलंय." लोक हसले. "ऐक. मी नोव्हेंबरच्या वीस तारखेला एडके सोडते. म्हणजे एप्रिलच्या मध्याला कोकरं. ती विकायला येतात पुढच्या शरदात. तर आज मी किती मेंढ्या ठेवायच्या ते पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आहे का नाही त्यावर ठरणार. आहे का गिऱ्हाईक?"

"मॅडम, वाटाघाटी अजून चालू आहेत. चित्र रोज बदलतंय."

"मेंढीच्या पोटातलं नाही बदलत. एकदा राहिलं की राहिलं."

"म्हणूनच आम्ही सुचवतो की तुम्ही दोन्ही पर्यायांसाठी तयारी ठेवावी."

"दोन्ही? म्हणजे मेंढी गाभण पण राहू दे आणि नको पण राहू दे?"

सभागृह इतकं हसलं की तो पोरगाही हसला. हसून त्याने घड्याळ पाहिलं. बाहेर पडल्यावर सगळ्यांनी डोरीनची पाठ थोपटली. भारी बोललीस. सोलून काढलंस. ती गाडीत बसली, किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली. ती भारी बोलली होती खरी, पण उत्तर मिळालं नव्हतं. त्या पोराला सोलून काय मिळणार होतं? त्याच्याकडेही नव्हतं, आणि त्याला पाठवणाऱ्यांकडेही नव्हतं.

तीन दिवसांनी ती आयझॅक टायसनला खाली शेताच्या भिंतीच्या खिंडारापाशी भेटली. आयझॅक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, विधुर, कमरेत वाकलेला. तिच्या बापाचा मित्र. हातातला दगड खाली न ठेवताच त्याने ऐकून घेतलं.

"किती काढायच्या म्हणतेस?"

"शंभर. वीस वर."

"दोनशे तीसातल्या?"

"तेवढ्या काढल्या तर उरलेल्यांना विकतच्या चाऱ्याशिवाय हिवाळा काढता येईल. कोकरं विकली गेली नाहीत तरी बुडणार नाही मी."

आयझॅकने दगड भिंतीत बसवला, काढला, फिरवून पुन्हा बसवला. "पोरी, दीडशेच्या खाली तुझी बाजू धरून राहायची नाही. गवत मोकळं दिसलं की माझ्या येतील इकडे. मी नाही म्हटलं तरी येतील. त्यांना काय मी सांगून ठेवू?"

"मग तुम्ही सांगा काय करू. मार्चनंतर काय होणार ते सांगा."

"मला काय ठाऊक!"

"मग झालं तर."

"डोरीन, काहीच करू नको. थांब."

"थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे, आयझॅक. थांबले तर वीस नोव्हेंबरला एडके सोडावेच लागणार. तेही करणंच आहे की!"

तिचं काही चुकत नव्हतं. थांबायची सोय लंडनवाल्यांना होती, मेंढीवाल्यांना नव्हती.

मेंढ्या निवडायला तिने दोन दिवस घेतले. एकेक मेंढी धरून ओठ वर करून वय कळायला दात बघायची. दोनदाती, चारदाती, सहादाती, सगळे दात जुळलेली, दात पडलेली. दात पडलेल्या म्हाताऱ्या विकायच्या, हा दरवर्षीचा शिरस्ता. पण त्या शरदात सगळ्या खोऱ्यांतून लोक मेंढ्या काढत होते आणि बाजारात म्हातारीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. विकली जाणार होती ती चारदाती, सहादाती, भर उमेदीची. म्हणजे नेमकी तीच, जी आणखी चार-पाच कोकरांना डोंगर दाखवणार होती. डोरीनच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी वाघरात मध्येच थांबली. एका सहादातीचं तोंड तिच्या हातात होतं. तिने त्या मेंढीला सोडलं, पुन्हा धरलं आणि विकायच्या बाजूला ढकललं.

खिडकीतून कॉलिन बघत होता. रात्री जेवताना तो म्हणाला, "त्या चांगल्या काढल्यास."

"वाईट कोण घेतंय?"

"मग नको विकूस."

"आणि मार्चमध्ये सगळं बंद पडलं म्हणजे? सगळे एकदमच विकायला निघतील. तेव्हा चांगल्याही कुणी घेणार नाही."

कॉलिनने काटा खाली ठेवला. भांडायचा मोका तो सोडत नसे. त्या दिवशी त्याने सोडला.

बाजारात लाकडी कट्ट्यावर बसून लोक बोली लावत होते, पण हात वर करणारे थोडे आणि बघे फार. तिच्या एकशेवीस मेंढ्या गोल रिंगणात फिरल्या. करड्या अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या, पाठीवर तांबडा पट्टा. पूर्वेकडच्या सपाट मुलखातल्या डग्लस नॉरिस नावाच्या माणसाने सगळ्या एकदम घेतल्या. नंतर तो शोधत तिच्यापाशी आला.

"झकास आहेत. एवढ्या चांगल्या का काढताय?"

"गुडघे गेलेत," डोरीन म्हणाली.

गुडघे कॉलिनचे गेले होते. पण घाबरून विकल्या असं ती परक्या माणसाला सांगणार नव्हती. नॉरिसने आपला नंबर लिहून दिला. मेंढ्या पायरीवरून त्याच्या गाडीत चढल्या. सपाट मुलखात जायला त्यांनी जराही खळखळ केली नाही. डोंगर सोडतोय हे त्यांना कळायला तो डोंगर तिथे कुठे होता?

वीस नोव्हेंबरला तिने एडक्यांच्या छातीला काव फासली आणि त्यांना उरलेल्या एकशेदहा मेंढ्यांत सोडलं. मेंढीच्या ढुंगणावर तांबडी काव उमटली की समजायचं, लागली. दर काही दिवसांनी ती काव बदलायची. तांबडी झाली, निळी झाली, हिरवी झाली. त्याच दिवसांत रेडिओवर सांगितलं की करार लिहून तयार झाला. कॉलिनने हाक मारली, "डोरीन! झाला म्हणतायत!" ती हातात कावेची बादली घेऊन दारात उभी राहून ऐकत राहिली. मग कळलं, लिहून झालाय, मान्य व्हायचाय. जानेवारीत संसदेत तो आपटला. मार्चमध्ये परत आपटला. मग पुन्हा एकदा. मंत्री राजीनामे देत होते, नवे येत होते आणि प्रत्येकजण अगदी ठाम आवाजात बोलत होता. डोरीनला त्या ठाम आवाजाचाच राग यायचा. आम्हाला माहीत नाही, असं त्यांच्यातला एक जरी म्हणाला असता तरी तिने त्याला घरी बोलावून चहा पाजला असता.

फेब्रुवारीत बर्फ पडलं. म्हाताऱ्यांतल्या चौदा गेल्या. ते दरसालचंच. पण दरसाली त्यांच्या जागी मागून येणाऱ्या असायच्या.

एकोणतीस मार्च उजाडला. डोरीन पहाटे उठली, चूल पेटवली, रेडिओ लावला. देश होता तिथेच होता. तारीख बारा एप्रिलवर गेली होती. "लग्न पुढे ढकललं," कॉलिन म्हणाला. "वऱ्हाड बसलंय मांडवात." ती हसली नाही. मग दहा एप्रिलला ब्रसेल्समध्ये रात्रभर बसून त्यांनी नवी तारीख काढली. एकतीस ऑक्टोबर. म्हणजे यंदाची कोकरं बहुतेक जुन्या नियमांतच, जकातीशिवाय, स्पेनला जाणार होती. म्हणजे मॉफट येणार होता आणि भाव देणार होता. म्हणजे एकही मेंढी काढायची गरज नव्हती.

अकरा एप्रिलच्या सकाळी आठच्या ठोक्याला तिने नॉरिसला फोन लावला.

"डग्लस, मी स्केलगार्थवरून डोरीन रेल्फ. ऑक्टोबरात माझ्या मेंढ्या घेतल्या होत्यास."

"हां हां, बोला. गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत. ऐक, त्या मला परत हव्यात. मिळतील तेवढ्या. साठ दे, पन्नास दे. घेतलेल्याच्या वर देईन."

पलीकडे नॉरिसने घसा खाकरला. डोरीनला वाटलं, भाव वाढवतोय. वाढवू दे. सपाट मुलखात एक हिवाळा काढला म्हणून काय झालं, त्या डोंगर विसरायच्या नाहीत. वाघराचं दार उघडलं की आपापल्या खडकाशी जाऊन उभ्या राहतील. ठाव धरलेली मेंढी कधीच चुकत नाही.

"बाई," नॉरिस म्हणाला, "त्या नाहीत हो आता."

"कुणाला दिल्यास? नाव सांग त्याचं."

"नाव काय सांगू. कत्तलखान्यात गेल्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. बोट मिळत होती, पलीकडे माल जात होता, एकोणतीसनंतर जाईल का कुणी सांगेना. सगळेच काढत होते. मीही काढल्या."

"गाभण असतील ना त्या."

"नाही ठेवल्या गाभण. पुढचं काही दिसत नव्हतं म्हणून एडका सोडलाच नाही मी."

"सगळ्या?"

"एकशेवीसच्या एकशेवीस. माफ करा हां. मला काय ठाऊक, ते तारीख बदलतील."

"तुला कसं ठाऊक असणार," डोरीन म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

तिला त्याचा राग करायचा होता. करता आला नाही. तिने जे ऑक्टोबरात केलं तेच त्याने मार्चमध्ये केलं होतं, आणि ज्या तारखेला घाबरून केलं ती तारीख आलीच नव्हती. कॉलिनने खिडकीतून मान वळवून विचारलं, "काय म्हणाला?" तिने सांगितलं. कॉलिनने हात लांब करून रेडिओ बंद केला. बऱ्याच महिन्यांनी ते घर दिवसाउजेडी शांत झालं.

पाच दिवसांनी कोकरं पडायला लागली, काळी कुळकुळीत, नेहमीसारखी. इथली कोकरं काळीच जन्मतात आणि मोठी होता होता करडी होतात. काम इतकं होतं की तीन आठवडे रडायला फुरसत नव्हती. मे महिन्यात तिने कळप डोंगरावर नेला. नव्वदेक मेंढ्या, त्यांतल्या निम्म्या दात पडायला आलेल्या, आणि कोकरं. तिच्या बाजूच्या डोंगरावर त्या इतक्या विरळ दिसत होत्या की जणू कुणी मूठभर खडे फेकलेत.

आठवड्याच्या आत निळे ठिपके माथ्यावरून अलीकडे उतरले. गवत मोकळं होतं. मेंढीला दोष देता येत नाही.

आयझॅक स्वतः आला त्यांना वळवायला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, कुत्रा घेऊन धापा टाकत वर आला, दीडशे मेंढ्या पलीकडे हाकलल्या आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग डोरीन पहाटेच वर जाऊन उभी राहू लागली. टॉश नावाचा तिचा कुत्रा इकडून तिकडे पळून जीभ बाहेर काढायचा. ती निळ्या वळवायची. तेवढ्यात वरच्या अंगाने दुसऱ्या यायच्या. खाली कॉलिन एकटा, घरची कामं पडलेली, कोकरांना औषध पाजायचं राहिलेलं. एका बाईने आणि एका कुत्र्याने किती दिवस डोंगर धरून ठेवायचा?

वाईट त्याच्याही पुढचं होतं. जूनच्या मध्याला आयझॅक दारात आला. त्याच्या गाडीच्या मागच्या पिंजऱ्यात आठ मेंढ्या होत्या. तांबड्या पट्ट्याच्या.

"माझ्या वाघरात सापडल्या," तो म्हणाला. "तरण्या आहेत सगळ्या. म्हाताऱ्या हलत नाहीत, पण या माझ्या कळपाला धरून पलीकडे उतरल्या."

"आणल्यात ते बरं केलंत."

"पोरी, मी आणीन गं. रोज आणीन. पण तुझी कोकरं या उन्हाळ्यात माझ्या मेंढ्यांच्या मागून फिरली तर त्यांना माझीच बाजू कळणार."

"ठाऊक आहे मला."

"माझ्या मी थोड्या कमी करू का? तीस-चाळीस काढतो."

"खुळे झालात का? तुमचाही ठाव घालवायचाय? आणि एकतीस ऑक्टोबरला काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे?"

म्हाताऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. "नाही."

"मग ठेवा तुमच्या आहेत तेवढ्या."

ती आयझॅकबरोबर गाडीत बसली आणि दोघांनी त्या आठ मेंढ्या तिच्या बाजूच्या उतारावर, झऱ्यापाशी नेऊन सोडल्या. चार म्हाताऱ्या तिथे आडोशाला बसल्या होत्या. आठ तरण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, दोन घास गवत ओढलं. त्यांतल्या तिघींच्या पायाशी काळी कोकरं होती. ऊन छान पडलं होतं. आयझॅकने थर्मासमधला चहा टोपणात ओतून तिला दिला आणि स्वतः बाटलीलाच तोंड लावलं.

"तुझा बाप असता ना," तो म्हणाला.

"तर त्यालाही कुणी काही सांगितलं नसतं," डोरीन म्हणाली.

चहा संपायच्या आत आठातली पुढची मेंढी माथ्याकडे चालू लागली. घाई नव्हती तिला. चरत चरत, थांबत थांबत, पण तोंड वरच्या बाजूला. तिच्यामागे दुसरी. मग कोकरं. माथ्यावर निळ्या ठिपक्यांची रांग आभाळाला लागून उभी होती. टॉश उठला, कान ताठ करून डोरीनच्या तोंडाकडे बघू लागला. त्याला फक्त एक शीळ हवी होती.

"सोड त्याला," आयझॅक म्हणाला. "मी खालून जातो, अडवू आपण."

डोरीनने दोन बोटं तोंडाशी नेली, पण शीळ घातली नाही. तिच्या तांबड्या पट्ट्याच्या मेंढ्या निळ्यांत मिसळल्या आणि सगळ्या मिळून पलीकडे उतरू लागल्या. शेवटचं कोकरू माथ्यावर क्षणभर घुटमळलं, आई कुठे ते पाहिलं आणि धावत खाली गेलं.

तिने बोटं खाली घेतली. "उद्या आणू," ती म्हणाली. टॉश अजून तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला खाली बसवलं.